स्पेस माउंटन: ताशी 45 किलोमीटरला माणसं ओरडतात का?

प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात फ्लोरिडाला जायचंय. मुलगा आठ वर्षांचा, उंची 118 सेंटिमीटर. पत्नीला मानेचा त्रास आणि अधूनमधून अर्धशिशी. सोबत वडील, वय 66, गुडघे कुरकुरणारे. विचारणाऱ्यांनी खोपोलीच्या इमॅजिकात डीप स्पेस ही रोलर कोस्टर केलेली आहे. डिस्नेच्या स्पेस माउंटन या काळोखातल्या रोलर कोस्टरचा कमाल वेग ताशी 45 किलोमीटरच्या आसपास आहे असं वाचून त्यांना वाटतंय, हे तर लहान मुलांचं प्रकरण दिसतंय. मग लोक तिथून ओरडत आणि मान चोळत का बाहेर येतात, आणि घरातल्या कुणी बसावं, कुणी बसू नये? राइड मध्येच थांबली तर? आणि डीप स्पेसच्या तुलनेत ती कशी?

वेगाचा आकडा बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकतोय. ताशी 45 हा वेग रिक्षाही गाठते. पण रोलर कोस्टरमध्ये शरीराला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. हिशेबापुरतं 10 मीटर त्रिज्येचं वळण धरा. ताशी 45 म्हणजे सेकंदाला 12.5 मीटर. या वेगाने ते वळण घेताना शरीरावर बाहेरच्या बाजूला जो ओढा बसतो तो गुरुत्वाकर्षणाच्या दीडपटीहून जास्त येतो. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. त्या क्षणी मानेला आडव्या दिशेने सात-आठ किलो सांभाळल्यासारखं होतं. ट्रॅक वळणावर आतल्या बाजूला झुकवलेला असतो, त्यामुळे यातला बराच भाग सीटमध्ये दाबला जातो. जो भाग झुकवून जात नाही, तो मानेच्या वाट्याला येतो.

त्यातून अंधार. उघड्या कोस्टरवर पुढचं वळण डोळ्यांना आधी दिसतं. मानेचे स्नायू आपल्या नकळत आधीच ताठ होतात आणि धक्का आला की डोकं शरीराबरोबर वळतं. अंधारात ही आगाऊ सूचनाच मिळत नाही. धक्का आधी येतो, स्नायू मागून जागे होतात. तेवढ्या अवधीत डोकं हेलकावा खाऊन मोकळं झालेलं असतं. वळण तेच, वेग तोच, तरी अंधारातलं जास्त जोराचं वाटतं. वर तोंडावर सुटणारा वारा आणि डोक्याजवळून सर्रकन जाणारे खांब. खांब खरे तर हाताच्या टप्प्याबाहेर असतात. उंचात उंच प्रवाशाने हात वर केला तरी काही लागणार नाही एवढी मोकळी जागा ठेवणं हा या धंद्यातला पहिला नियम आहे, आणि ती मोजल्याशिवाय गाडी सोडली जात नाही. पण मेंदूला ते कोण सांगणार?

ही राइड अशी संथ आणि काळोखी का झाली, ते तिच्या इतिहासात दिसतं. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये 1959 मध्ये मॅटरहॉर्न ही बर्फाळ डोंगराच्या रूपातली राइड सुरू झाली. पोलादी नळ्यांच्या ट्रॅकवर चालणारी ही पहिली रोलर कोस्टर. लाकडी ट्रॅकवर सपाट पट्टी असते, नळी मात्र हवी तशी वाकवता येते. त्यामुळे कमी जागेत घट्ट वळणं शक्य झाली. एकाच ट्रॅकवर एका वेळी अनेक गाड्या सोडण्याची पद्धतही तिथेच मार्गी लागली. तिचं यश पाहून वॉल्ट डिस्नेंच्या मनात अवकाशावरची बंदिस्त राइड आली. 1960च्या दशकाच्या मध्यात ‘स्पेस पोर्ट’ नावाने तिचे आराखडे झाले, शंकूसारख्या इमारतीचं चित्र डिस्नेचे कलाकार जॉन हेंच यांनी काढलं. मूळ कल्पनेत एक नव्हे, चार ट्रॅक होते. काळोखात इतक्या गाड्यांवर नजर ठेवील असा संगणक तेव्हा हाताशी नव्हता, पैसा नव्हता, जागाही नव्हती. 1966 च्या डिसेंबरात वॉल्ट गेले आणि कागद बाजूला पडले.

ते पुन्हा उघडले फ्लोरिडात. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड 1971 मध्ये सुरू झालं आणि तिथे मोठ्या मुलांना थरार वाटावा असं फारसं काही नाही, हे लवकरच लक्षात आलं. अंतराळयानं जिथून सोडतात ते केप कॅनव्हरल जवळच, तेव्हा तिथे बर्फाच्या डोंगरापेक्षा अवकाश शोभणार हे उघड होतं. पैसा आरसीए या कंपनीकडून आला. या उद्यानाच्या संदेशवहन यंत्रणेचं काम तिच्याकडे होतं, आणि करारात तरतूद होती की मनाजोगी राइड मिळाली तर कंपनी तिच्यासाठी 1 कोटी डॉलर देईल. बांधकाम 1972च्या अखेरीस सुरू झालं, म्हणजे अपोलो 17 ही शेवटची चांद्रमोहीम आटोपत होती त्याच सुमारास. 15 जानेवारी 1975 रोजी राइड लोकांसाठी खुली झाली. उद्घाटनाला स्कॉट कार्पेंटर, गॉर्डन कूपर आणि जिम आयर्विन हे तीन अंतराळवीर हजर होते. संगणकाच्या देखरेखीखाली चालणाऱ्या अगदी पहिल्या रोलर कोस्टरांत तिची गणना होते.

इमारत बाहेरून नीट पाहा. सुमारे 56 मीटर उंच आणि 91 मीटर व्यासाचा शंकू, आणि त्याच्या काँक्रीटच्या बरगड्या बाहेरच्या बाजूला. साधारणपणे छताची तुळई आत असते. इथे ती मुद्दाम बाहेर काढली, कारण आतला पृष्ठभाग सलग आणि गुळगुळीत हवा होता. त्यावर तारे आणि उल्का प्रकाशाने पाडायच्या होत्या. आत तुळया असत्या तर प्रत्येक तारा दर काही मीटरवर मोडला असता. (त्या उल्का चॉकलेटच्या तुकड्यांच्या बिस्किटांसारख्या दिसतात हा जुना विनोद आहे. बसलात की पटेल.)

आत दोन ट्रॅक आहेत, अल्फा आणि ओमेगा. एकमेकांची जवळजवळ आरशातली प्रतिमा, लांबी प्रत्येकी सुमारे 970 मीटर, फरक जेमतेम तीन मीटरचा. कोणता जास्त जोराचा यावर लोक तावातावाने वाद घालतात. माझ्या मते तो वाद सोडून द्यावा. त्याच ट्रॅकवर सकाळच्या आणि रात्रीच्या फेरीत पडणारा फरक याहून जास्त असतो.

तो का पडतो? गाडीला मोटर नसते. साखळीने वर नेलं की पुढचं सगळं गुरुत्वाकर्षणावर. घर्षण सोडून दिलं तर ताशी 45 गाठायला आठ मीटरचा उतार पुरतो. राइड मात्र त्याहून बरीच उंच चढते. उरलेली उंची एका दमात पडण्यासाठी नसते, दोनअडीच मिनिटं पुरवून पुरवून खाण्यासाठी असते. गाडीला तीन जातींची चाकं असतात: भार पेलणारी वरची, वळणावर टेकणारी बाजूची, आणि गाडी ट्रॅकवरून उचलली जाऊ नये म्हणून खालून धरणारी. त्यांच्यावर पॉलियुरेथेनचं आवरण असतं. सकाळी ते कडक आणि बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट, म्हणून गाडी मंद धावते. चार-पाच तास फिरून चाकं गरम झाली की तीच गाडी मोकळी पळते. इमारत बंदिस्त असल्यामुळे हा फरक उघड्या कोस्टरइतका नाही, पण असतो. दुसरी गोष्ट वजनाची. सहा मोठी माणसं भरलेली गाडी दोन मुलं बसलेल्या गाडीपेक्षा वेगाने जाते, कारण वजनाच्या मानाने तिला घर्षण आणि हवेचा अडथळा कमी पडतो. हलकी, थंड गाडी मध्येच अडकता कामा नये आणि भरलेली, गरम गाडी मर्यादेबाहेर जाता कामा नये, या दोन टोकांच्या मध्ये सगळी आखणी होते. म्हणून मानेचा त्रास असलेल्यांनी बसायचंच ठरवलं तर सकाळी, आणि ज्यांना जोर हवा त्यांनी रात्री शेवटच्या तासात.

आता ‘राइड मध्येच थांबते’ याची धास्ती. विचारणाऱ्यांनी ते एका ओळीत विचारलंय, पण घाबरण्याचं खरं कारण बरेचदा हेच असतं. ट्रॅक अनेक तुकड्यांत विभागलेला असतो, त्यांना ब्लॉक म्हणतात. नियम एकच: एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी गाडी पूर्ण थांबवता येईल असा ब्रेक असतो, किंवा चढाची साखळी थांबवता येते. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याचं सेन्सरने कळवलं तरच मागची गाडी पुढे सुटते.

समजा दर 20 सेकंदांनी एक गाडी सुटते आहे. उतरण्याच्या फलाटावर कुणा आजींना बाहेर निघायला 50 सेकंद लागले. मागची गाडी शेवटच्या ब्रेकवर थांबते. तिच्या मागची त्याआधीच्या ब्रेकवर. दोन-तीन गाड्या अडल्या की संगणक सगळ्यांनाच आपापल्या ब्रेकवर धरून ठेवतो आणि चढाची साखळीही थांबवतो. काहीही बिघडलेलं नसतं. यंत्रणेने तेच केलं जे तिने करायला हवं. पण अंधारात अचानक थांबलेल्या माणसाला वाटतं, संपलं! पुन्हा सुरू करणंही सोपं नसतं. सर्वांत पुढची गाडी आधी मोकळी करायची, मग तिच्या मागची, अशी एकेक. ब्रेक सुटल्यावर गाडी आपल्या वजनानेच घरंगळायला हवी, म्हणून ब्रेकच्या पुढे उतार ठेवलेलाच असतो. ते जमलं नाही तर दिवे लागतात आणि कर्मचारी ट्रॅकशेजारच्या अरुंद वाटेने येऊन एकेका गाडीतल्या माणसांना उतरवतात. अशा वेळी मांडीवर येणारा सुरक्षेचा दांडा स्वतः उचलायचा प्रयत्न करायचा नाही, हात-पाय आत ठेवायचे आणि सूचना ऐकायची. दिवे लागलेले दिसले तर नशीब समजा. पोलादी ट्रॅकचं ते जंजाळ आणि आपण किती लहान जागेत केवढा प्रवास केला, हे तेव्हाच दिसतं.

आता घरातल्या माणसांकडे वळू.

मुलगा. फ्लोरिडात किमान उंची 112 सेंटिमीटर लागते, म्हणजे 118 ला अडचण नाही. शेजारच्या ट्रॉन या राइडला 122 लागते, तिथे मात्र त्याला सोडणार नाहीत, हे त्याला भारतातच सांगून ठेवा. उंची बूट घालून मोजतात म्हणून जाड तळव्याचे बूट घालायचा सल्ला काही लोक देतात. तो देणाऱ्यांचं ऐकू नका. मर्यादा सीटच्या आणि दांड्याच्या मापावरून ठरलेली असते, हौसेने नव्हे. खरी अडचण वेगळीच आहे. फ्लोरिडात सीट एकामागे एक असतात, गाडीत एका रांगेत सहा जण. मुलगा तुमच्या शेजारी बसणारच नाही. हात धरता येणार नाही, अंधारात एकमेकांचा चेहरा दिसणार नाही. तुम्ही त्याच्या मागच्या सीटवर बसा. मागून आवाज येत राहिला की मुलाला धीर राहतो, पुढे बसून मागे ओरडलेलं फारसं ऐकू जात नाही. हात धरूनच बसायचं असेल तर त्याला कॅलिफोर्नियातली जास्त मानवेल. 1977 मध्ये उघडलेल्या त्या राइडमध्ये दोन-दोन जण शेजारी बसतात आणि उंचीची अट 102 सेंटिमीटरची आहे. पण तेवढ्यासाठी अमेरिकेचं दुसरं टोक गाठावं असं मी म्हणणार नाही.

बसवण्याआधी त्याला पीपलमूव्हरमधून फिरवून आणा. उद्यानाच्या टुमॉरोलँड या भागातली ही संथ, उंचावरून जाणारी गाडी स्पेस माउंटनच्या पोटातून जाते. उंचीची अट नाही, रांग बहुतेक वेळा लहान. आत अंधार, वर तारे, कुठून तरी किंकाळ्या, चढावर एखादी गाडी. त्या एका मिनिटात मूल काय म्हणतं ते ऐका. ‘ते ओरडतात का?’ असं विचारलं तर उत्सुकता आहे. तुमच्या कुशीत शिरलं तर या वर्षी राहू द्या, डोंगर कुठे जात नाही.

पत्नी. इथे मी गोलमोल बोलणार नाही. मानेचं दुखणं सध्या चालू असेल, डॉक्टरांनी पट्टा किंवा व्यायाम दिलेला असेल, तर बसू नये. मान आणि पाठ दुखणाऱ्यांना उद्यानवालेही बसू नका असंच सांगतात आणि वर सांगितलेलं अंधाराचं गणित नेमकं त्यांच्याच विरोधात जातं. त्रास जुना आणि आटोक्यात असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा. बसल्यास पहिल्या तीन सीटपैकी एखादी मागून घ्या. शेवटची सीट नको. उतारावर मागची सीट पुढच्यांच्या ओढीने खेचली जाते आणि तिथे झटका जास्त लागतो. बसताना पाठ पूर्ण टेकवा, हनुवटी किंचित आत घ्या, दोन्ही हातांनी पकड घट्ट धरा, पाय सपाट ठेवा. डोकं मागे टेकवून सैल सोडायचं नाही आणि मान वळवून मुलाकडे पाहायचं नाही. वळलेल्या मानेवर आलेला आडवा धक्का सर्वांत वाईट.

अर्धशिशीसाठी एकच जागा लक्षात ठेवा. गाडी सुटल्यावर चढाच्या आधी निळ्या लखलखत्या दिव्यांचा बोगदा लागतो. तिथे डोळे मिटून घ्या. पुढच्या काळोखात डोळे उघडे ठेवले तरी हरकत नाही. पडद्यांच्या राइडमध्ये डोळे एक सांगतात आणि कान दुसरं, त्यातून मळमळ होते. इथे डोळ्यांना सांगण्यासारखं काही नसतंच, म्हणून मळमळीची तक्रार त्या मानाने कमी.

याच्या बरोबर उलटी गोष्ट एपकॉट या फ्लोरिडातल्याच दुसऱ्या डिस्ने उद्यानातल्या मिशन स्पेसची. ती 2003 मध्ये सुरू झाली आणि नावात अवकाश असल्यामुळे लोक दोन्ही एकाच मापाने मोजतात. मिशन स्पेसच्या नारिंगी बाजूला गाडी धावत नाही, अंतराळवीरांच्या सरावासारखं मोठं अपकेंद्री यंत्र तुम्हाला गरगर फिरवतं आणि गुरुत्वाकर्षणाच्या अडीचपटीपर्यंत दाब देतं. फिरताना मान वळवली की अंतर्कर्णातल्या नलिकांत भलतीच हालचाल होते आणि पोट ढवळून निघतं. म्हणून तिथे नजर समोरच्या पडद्यावर, डोकं टेकलेलं आणि डोळे उघडे. तुमच्या पत्नीने नारिंगी बाजू पूर्ण टाळावी. हिरव्या बाजूला गरगर फिरणं नाही, मुलालाही ती चालेल.

वडील. वय हा प्रश्न नाही, गुडघे आहेत. स्पेस माउंटनची सीट जमिनीलगत आहे, बसणं म्हणजे पाय लांब करून टबात उतरणं. बाहेर येताना हातांवर भार देऊन उठावं लागतं आणि कडेवरून पाय काढावा लागतो. घरी खाटेच्या शेजारी जमिनीवर बसून आधाराशिवाय उठता येतं का, ते आधी करून पाहा. नसेल तर बाहेर बसलेलं बरं. पीपलमूव्हर त्यांनाही सुचवावीशी वाटते, पण तिथे चढायला सरकता उतरणीचा पट्टा आहे आणि फलाटही फिरता आहे. चालत्या फलाटावर पाऊल टाकायची तयारी हवी.

सामानाचं थोडक्यात. ओढणी, स्टोल गळ्यात ठेवायचा नाही, बॅगेत टाकायचा. लांब मंगळसूत्र कपड्याच्या आत. मोबाइल चेनच्या खिशात, चित्रीकरण नाही. चष्मा हातात धरण्यापेक्षा डोळ्यांवर दोरी लावून ठेवा किंवा काढून खिशात ठेवा, तसंही दिसण्यासारखं काही नाही. काळोखात पडलेली वस्तू राइड बंद होईपर्यंत शोधायला कुणी जात नाही.

डीप स्पेसशी तुलना विचारली होती. तीही बंदिस्त आणि काळोखी, पण तिथे साखळीने चढवत नाहीत, सुरुवातीलाच जोराने पुढे ढकलतात. भीती पहिल्या दोन सेकंदांत येऊन जाते आणि शरीर सावरतं. फ्लोरिडात उलट. आधी सावकाश चढ, मग लहान लहान उतार आणि अचानक येणारी वळणं शेवटपर्यंत. जास्त वेगाची स्पेस माउंटन हवी असेल तर ती पॅरिसमध्ये (2017 पासून तिचं नाव हायपरस्पेस माउंटन). 1995 सालची ती राइड प्रवाशांना तोफेतून सोडल्यासारखी चढावर फेकते आणि तीन वेळा उलटं करते. मूळ नाव एकच, जात वेगळी. म्हणून ‘स्पेस माउंटन कशी आहे’ असं कुणी सांगायला लागलं की आधी विचारावं, कुठली?

डिसेंबरातल्या गर्दीबद्दल: सकाळी दरवाजे उघडताच थेट इथे या. पाऊस आला की उघड्या राइड बंद होतात आणि सगळी गर्दी बंदिस्त राइडकडे वळते, तेव्हा आभाळ भरून आलं तर त्याच्या आधीच रांगेत शिरलेलं बरं. तुमच्यापैकी एकाने मुलाला घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेर थांबायचं ठरलं तर प्रवेशाशीच ‘रायडर स्विच’ मागा. मग दुसऱ्याला पुन्हा अख्खी रांग लावावी लागत नाही. वडिलांना मात्र प्रवेशद्वाराशी थांबायला सांगू नका. बाहेर पडायचं दार वेगळं आहे, तिथेच जवळ सावलीतली जागा ठरवून ठेवा.